बोल्ट हाय, वैरी न्हवं

गाडी गळते आहे हे मालकाला सगळ्यात शेवटी कळतं. आधी कळतं ते सोसायटीच्या चेअरमनना. आमच्या आवारात दिवाळीच्या तोंडावर नवे पेव्हिंग ब्लॉक बसवले, लाल आणि पिवळे, आणि चेअरमननी नारळ फोडून त्यांचं रीतसर उद्घाटन केलं. नारळाच्या पाण्याचा डाग संध्याकाळपर्यंत वाळला. माझ्या फियाटखालचा डाग मात्र वाळायचं नाव घेईना; उलट एकेक नवा ब्लॉक काबीज करत तो जिन्याच्या दिशेने निघाला. चेअरमन तसे सज्जन गृहस्थ. सकाळी रंकाळ्याला फेरी मारून परत येताना ते माझ्या गाडीपाशी थांबत, गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकून बघत, आणि मग वर माझ्या गॅलरीकडे पाहून विचारत, "काय सर, तब्येत कशी आहे?" कुणाची, ते सांगत नसत.

गाडी म्हणजे 1986 सालची प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री पद्मिनी, तोंडी फियाट. आमच्या आप्पांनी नंबर लावून घेतलेली. त्या काळी गाडीसाठी नंबर लावावा लागे, आणि नंबर लागेपर्यंत घरात एखादं लग्न ठरून, मोडून, पुन्हा ठरत असे. मूळ कुळी इटलीची, फियाट 1100 ची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनू लागल्या, आणि 1974 पासून त्यांना राणी पद्मिनीचं नाव मिळालं. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या वेशात ती 2023 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर होती. शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची वयोमर्यादा भरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. माझ्या मेव्हण्याने त्यातलं एक कात्रण मला पाठवलं. खाली एक शब्द नाही. मेव्हण्यांनी शब्द खर्च करायचे नसतात.

खासगी गाडीचं मरण इतकं सोपं नाही. पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी, पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन तपासणी, आणि वर पर्यावरण कर. तो मी नियमाने भरतो. चेअरमनचं म्हणणं, त्या कराचा वाटा आमच्या पेव्हिंग ब्लॉकना मिळाला पाहिजे.

गाडीतून खडखड आवाज येत असेल तर चार लोक मान हलवून निघून जातात. तो तज्ज्ञांचा प्रांत. गळतीचं तसं नाही. नळ प्रत्येकाच्या घरी आहे, तेव्हा गळतीवर बोलण्याचा अधिकार जन्मसिद्ध. दूधवाल्यापासून दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूपर्यंत सगळ्यांनी गाडीखाली पाहून निदान केलं, आणि उपायावर तर कमालीचं एकमत होतं: "आवळून घ्या." एकटे वरच्या मजल्यावरचे पाटबंधारे खात्यातले निवृत्त कार्यकारी अभियंता तेवढे वेगळं बोलले. "सर, गळती हा शेवटी दाबाचा प्रश्न असतो," असं म्हणून त्यांनी राधानगरीच्या धरणाकडे विषय वळवला. कुठलाही विषय ते राधानगरीकडे वळवत असल्यामुळे मी लक्ष दिलं नाही. सौभाग्यवतींनी मात्र बोलण्यापेक्षा कृती केली. माळ्यावरचं जुनं घमेलं काढून गाडीखाली सरकवलं आणि म्हणाल्या, "अहो, फोडणीला तेल टाकताना मी चमचा मोजते, आणि तुम्ही इथं भूमातेला पाजताय."

इंजिनाच्या तळाशी जो पत्र्याचा डबा असतो त्याला पुस्तकात ऑइल पॅन म्हणतात, संप म्हणतात. आमच्या गॅरेजांतून त्याला चेंबर म्हणतात. इंजिनातलं सगळं तेल फिरून फिरून शेवटी या चेंबरमध्ये येऊन बसतं, आणि तिथून पंप त्याला पुन्हा वर ओढतो. चेंबरला कडेने एक सपाट काठ असतो, काठाला भोकं, भोकांतून बारके बोल्ट. आणि इंजिन व चेंबर यांच्यामध्ये कॉर्कचं पॅकिंग. पॅकिंग म्हातारं झालं की सुकतं, आकसतं, चिरतं, आणि तेल बाहेरचं जग बघायला निघतं. एवढीच सगळी भानगड.

पण आवळायचं म्हटल्यावर कोल्हापूर मागे कसं राहील? या गावात ढिलेपणाला मान नाही. फेटा असो, पायताणाचा पट्टा असो की आखाड्यातला पट, धरायचं ते घट्ट. घराजवळच्या ज्या गॅरेजात मी पहिल्यांदा गाडी नेली, तिथला मदतनीस पोरगा पहाटे तालमीत जाऊन, जोर-बैठका काढून, दूध पिऊन मग कामावर येत असे. एवढा तयार झालेला हात घेऊन तो दहा नंबरच्या पान्यानिशी गाडीखाली शिरला. खालून पान्याचे आणि त्याचे असे दोघांचेही हुंकार ऐकू आले. बाहेर येऊन हात पुसत तो म्हणाला, "आता देव आला तरी बोल्ट सुटणार न्हाईत, सर."

त्याचं खरं होतं. बोल्ट सुटले नाहीत. तेल सुटलं.

याचं कारण फार साधं आहे, आणि ते कुणाला पटत नाही. चेंबरचा काठ हा पातळ पत्रा. बोल्ट पिळला की बोल्टाभोवतीचा पत्रा वर खेचला जातो आणि तिथे फुगवटा येतो. बोल्टापाशी पॅकिंग इतकं दाबलं जातं की ते दोन्ही बाजूंनी बाहेर पळतं, फाटतं. आणि दोन बोल्टांच्या मधे जिथे दाबायला कुणी नसतं, तिथे फट राहते. जितकं पिळाल तितकी मधली फट मोठी. म्हणजे गळती दिसली की माणूस आवळतो, आवळलं की गळती वाढते, वाढली म्हणून तो आणखी आवळतो. आमच्या गाडीच्या चेंबरने आजवरच्या सगळ्या मनगटांचा हा प्रेमळ अत्याचार निमूट सोसला होता.

पुढच्या गॅरेजवाल्याने वेगळा मार्ग धरला. त्याने चेंबर न उघडता, काठाला बाहेरून लाल सिलिकॉनचा जाड थर फिरवला. तेलकट पत्र्यावर सिलिकॉन धरत नाही, ही गोष्ट त्याला ठाऊक असावी. कारण पैसे त्याने आधी घेतले. घरी आल्यावर मुलीने खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "बाबा, आजीच्या वयाच्या गाडीला लिपस्टिक का लावलीय?"

शेवटी मला कुणीतरी शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे धाडलं. उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरची दुसरी तालीम; इथे लोखंडाला घडवतात. ओतकामाचे कारखाने, लेथ, ऑइल इंजिनांचे सुटे भाग. एखादा नट जगात कुठे मिळत नसेल तर इथे तो तुमच्यासमोर चहा होईपर्यंत तयार होतो. मिस्त्रींची उमर ऑइल इंजिनांत गेलेली. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, पुढे एक लिंबाचं झाड आणि झाडाला टांगलेली बंद पडलेल्या गाड्यांची पॅकिंगं. मी गाडी लावली आणि सांगितलं, चेंबर गळतोय. मिस्त्री खाली वाकलेच नाहीत. बॉनेट उघडून वरून इंजिन न्याहाळत बसले.

"मिस्त्री, गळती खाली आहे," मी म्हटलं.

"सर, तेल वरनं खाली येतंय न्हवं? का ते लिफ्टनं वर जातंय?"

मी इतिहासाचा शिक्षक. एका प्रश्नात माझ्या सबंध तर्कशास्त्राचा असा निकाल कुणा विद्यार्थ्याने कधी लावला नव्हता. मिस्त्रींचं म्हणणं असं की चेंबर बिचारा सगळ्यात खाली. त्यामुळे इंजिनात वर कुणीही पाझरलं तरी थेंब पडतो तो चेंबरच्या टोकावरून आणि नाव खराब होतं चेंबरचं. वरचं टॅपेट कव्हरचं पॅकिंग असेल, क्रँकच्या पुढचं किंवा मागचं सील असेल. त्यातून पंख्याचा आणि धावण्याचा वारा तेलाला मागे ढकलतो, म्हणून पुढची गळती मागे दिसते. तेव्हा थेंब कुठे पडतो ते बघायचं नाही, ओल कुठून सुरू होते ते बघायचं.

त्यासाठी त्यांनी इंजिन रॉकेलने असं धुतलं, की आप्पांनी गाडी आणली त्या दिवशीचा राखी रंग दिसू लागला. मग कोरडं करून म्हणाले, "पावडर आणा." मला वाटलं काही औषधी पावडर. ती साधी, अंगाला लावायची टाल्कम पावडर. घरात चंदनाची होती. अर्धा डबा इंजिनाच्या अंगावर आणि चेंबरच्या काठाला फुंकरून झाला. पांढऱ्या पावडरीवर तेलाचा पहिला ओघळ कुठून निघतो ते लपत नाही. महागड्या गाड्यांच्या कारखान्यांत यासाठी तेलात चमकणारा रंग घालून निळ्या दिव्याखाली बघतात, इथे चंदन. "आता पन्हाळ्याला जाऊन येऊया," मिस्त्री म्हणाले. चढावर इंजिन तापतं, तापलं की तेल पातळ होतं, आणि जे काही गळणार ते मोकळ्या मनाने गळतं.

कोल्हापूरपासून पन्हाळा वीसएक किलोमीटर. घाट चढताना इंजिन तापलं आणि आतून चंदनाचा असा दरवळ सुटला की मागचा मोटारसायकलवाला बराच वेळ आमच्या मागेच राहिला. वर पोचल्यावर आम्ही झुणका-भाकरी मागवली, आणि ती येईपर्यंत मिस्त्री टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे झाले. मी आपला तटाकडे बघत उभा. शिक्षकाला पन्हाळ्यावर नुसतं उभं राहता येत नाही. सिद्दी जौहरने 1660 साली इथे वेढा घातला होता, चांगला चार महिने, भर पावसातसुद्धा. वेढा भक्कमच होता. पण शरणागतीची बोलणी सुरू झाली, पहारे सैलावले, आणि जुलैतल्या एका रात्री महाराज दोन चौक्यांच्या मधून निसटले. म्हणजे सिद्दीचं पॅकिंगसुद्धा बोल्टापाशी फाटलं नाही, दोन बोल्टांच्या मधेच फाटलं. हे मी मिस्त्रींना सांगितलं. ते गाडीखालूनच म्हणाले, "मग त्येनंबी आधी जास्तच आवळलं आसंल."

पावडरीने दोन गुन्हेगार दाखवले. एक ओघळ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून इंजिनाच्या पाठीवरून खाली आला होता. दुसरा खुद्द चेंबरचाच, डाव्या बाजूला, दोन बोल्टांच्या बरोबर मधे. मग मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून वरचं तेल भरायचं झाकण काढलं, आणि आतून वाफा धापा टाकत बाहेर आल्या. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळालेला वायू थोडाथोडा खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची नळी असते. आमची नळी काजळी आणि चिकट्याने बुजली होती. वायूला दार नाही, म्हणून तो तेलाला पुढे घालून सापडेल त्या फटीतून बाहेर पडत होता. थोडक्यात, दाब. ही बातमी मी घरी आल्यावर वरच्या मजल्यावरच्या कार्यकारी अभियंत्यांना सांगायला नको होती. तेव्हापासून ते जिन्यात भेटले की नुसते हसतात.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि ब्रीदरची सफाई हे काम झटपट उरकलं आणि त्यावरच निम्मी गळती थांबली. कुणाला खर्च वाचवायचा असेल त्याने इथेच थांबून चार दिवस बघावं. आमचा चेंबर मात्र पिळून पिळून वाकडा झालेला. तो उतरवणं भाग होतं.

गाडीखाली शिरण्याच्या बाबतीत मिस्त्री कर्मठ आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली ते स्वतः जात नाहीत आणि दुसऱ्याला जाऊ देत नाहीत. जॅक फक्त उचलायला. पेलायला लोखंडी घोडी. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. मी घाईने म्हटलं, "विटा लावल्या तर?" त्यावर ते म्हणाले, "वीट फुटताना सांगून फुटत न्हाई, सर." हा विषय तिथेच संपला.

तेल कोमट असताना काढायचं, म्हणजे तळाचा गाळ त्याच्याबरोबर वाहून येतो. काळंकुट्ट तेल डब्यात पडत असतानाच चेअरमनचा फोन आला. गळती बंद होणार हे ऐकून त्यांना आनंद झाला, आणि त्याच आनंदात त्यांनी विचारलं की ते जळकं ऑइल लिटरभर मिळेल का. गावाकडच्या घराच्या चौकटीला वाळवी लागलीय. जळक्या तेलाला आपल्याकडे केवढी मागणी! सेंटरिंगवाले प्लेटांना लावायला नेतात, वाळवीवाले लाकडाला. खरं म्हणजे नियमाने ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रियेवाल्याकडेच जायला पाहिजे, आणि मिस्त्री ते तिकडेच देतात. चेअरमनना मी तसं कळवलं. ज्या तेलाचा थेंब त्यांना आवारात चालत नव्हता, त्याच तेलाचा लिटर नाकारल्याबद्दल ते नाराज झाले.

चेंबर उतरला. आत तेल ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाला बारीक जाळी असते. त्या जाळीत लाल धागे अडकले होते. लिपस्टिकच्याही आधी कुणीतरी आतून सिलिकॉन लावताना हात सढळ ठेवला होता; काठावरून आत ओघळलेलं जास्तीचं सिलिकॉन सुकलं, तुटलं आणि तेलाबरोबर फिरत फिरत जाळीत जाऊन बसलं. जाळी आणखी थोडी बुजली असती तर इंजिनाला तेल मिळालं नसतं आणि गळतीचा प्रश्न इंजिनासकट मिटला असता. मिस्त्रींनी ते धागे चिमट्याने एकेक करून काढले आणि कागदावर माझ्यासमोर मांडले. बोलले काही नाहीत. डॉक्टरसुद्धा खडा काढल्यावर बाटलीत घालून दाखवतात, त्यात अभिमान असतो. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर दुखवटा होता.

मग नवं पॅकिंग. दुकानात मी "पद्मिनीचं चेंबर पॅकिंग" म्हणालो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने वडलांना हाक मारली आणि वडलांनी आजोबांना. आजोबांनी माळ्यावरून एक पाकीट काढलं. आतलं पॅकिंग अस्सल होतं, पण इतकी वर्षं पाकिटात राहून कॉर्क सुकून आखडलं होतं. चेंबरवर ठेवलं तर भोकं बोटभर अलीकडे. यावर जुना इलाज आहे. कॉर्क कोमट पाण्यात भिजत घालायचं, ते पुन्हा पसरतं. आमचंही पसरलं, भोकांना भोकं जुळली, मिस्त्री खूश झाले, आणि उचलताना कोपऱ्यात मोडलं.

कॉर्क ही मोठी मौजेची चीज आहे. ओकच्या एका जातीच्या झाडाची ही साल. जगातली निम्मी एकट्या पोर्तुगालातून येते. झाड तोडत नाहीत, नुसती साल सोलतात, तीही झाड पंचविशीला आल्यावर, आणि पुढची सोलायला नऊ वर्षं थांबतात. त्या सालीचा भुगा दाबून, कधी रबर मिसळून, त्याचे तक्ते करतात. तर पोर्तुगालची साल, इटलीचं इंजिन, कुर्ल्याची जोडणी आणि उद्यमनगरची कात्री असा योग जुळून आला. मिस्त्रींनी रबर-कॉर्कची शीट आणवली, मोडक्या पॅकिंगवरून आधी पुठ्ठ्याचा फर्मा काढला, फर्म्यावरून शीट कापली आणि भोकं पोकळ पंचाने पाडली. कापताना त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. एवढ्या एकाग्रतेने मी माझे पेपर कधी तपासले नाहीत.

खरं काम मात्र पॅकिंगचं नाहीच. पॅकिंग बसवायला अर्धा तास. ते जिथे बसायचं ती जागा साफ करायला सगळी दुपार. इंजिनाच्या बाजूने चिकटलेलं जुनं पॅकिंग ब्लेडने, धार आडवी धरून, खरवडायचं. ओरखडा पडला की तोच पुढे तेलाचा पाट होतो. एका भोकातले आटे गेले होते, तिथे नवे मारले. मग चेंबरच्या काठावर पोलादी पट्टी उभी धरली तर खालून उजेड दिसला. प्रत्येक भोकापाशी एक टेकाड, दोन भोकांमधे एक दरी. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम भागाचा नकाशाच. लाकडी ठोकळ्यावर काठ पालथा ठेवून मिस्त्रींनी गोल तोंडाच्या हातोडीने एकेक टेकाड हलक्या हाताने बसवलं. ठक, पट्टी, उजेड, ठक. उजेड संपेपर्यंत ठक. शेवटी पेट्रोलने पुसून, पांढऱ्या फडक्याने पुन्हा पुसून, फडकं पांढरंच राहिलं तेव्हा ते म्हणाले, "आता ह्याला पॅकिंग दिलं नसतं तरी गळला नसता. पण देऊया."

बसवायच्या वेळी मेव्हणा हजर झाला. त्याच्याकडे नवी, उंच, पांढरी एसयूव्ही आहे आणि तिच्या बॉनेटखाली काय आहे हे त्याने अजून बघितलेलं नाही, म्हणून त्याला दुसऱ्यांच्या बॉनेटखाली रस. मिस्त्रींनी सिलिकॉनचा अगदी तिळाएवढा ठिपका फक्त कोपऱ्यांच्या जोडांवर दिला, बाकी पॅकिंग कोरडं. सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी लावले. मग मधल्यापासून सुरू करून, एक इकडचा एक तिकडचा, कडेकडे जात, थोडं थोडं. पाना त्यांनी दांड्याच्या टोकाला धरलाच नाही. गोटीच्या जवळ, दोन बोटांत. असल्या सहा मिलिमीटरच्या बोल्टाला 8 ते 10 न्यूटन-मीटर पीळ पुरतो. म्हणजे अर्धा मीटर लांब दांडा घेऊन त्याच्या टोकाला दोन किलोचं माप टांगलं तर जो पीळ बसेल तेवढाच. आणि मधे कॉर्क असेल तर त्याहूनही कमी. पॅकिंग किंचित फुगलं, काठाबाहेर डोकावलं, की हात मागे.

मेव्हण्याला हे बघवेना. "मिस्त्री, अहो ढिलं राहील! द्या इकडे, एकेक आटा मारतो."

मिस्त्रींनी पाना पाठीमागे लपवला. "सायेब, बोल्ट हाय त्यो, वैरी न्हवं."

पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कॉर्क तापून थंड झालं की जरा बसतं, त्यामुळे आठवड्याने एकदा बोल्ट तपासावे लागतात. "पण ते मी तपासीन," आणि मेव्हण्याकडे बघून, "दुसऱ्या कुणी न्हाई." सिलिकॉन सुकायला रात्र द्यायची, मगच तेल भरायचं, हेही ठरलं. गाडी तिथेच ठेवून मी केएमटीच्या बसने घरी आलो. मेव्हणा सोडतो म्हणाला होता, पण रस्ताभर गाडी विकण्याचे फायदे ऐकायची माझी तयारी नव्हती.

आता गाडी जागेवर उभी असते आणि खालचं घमेलं सौभाग्यवतींनी धुऊन परत माळ्यावर ठेवलं आहे. चेंबरच्या काठावरून बोट फिरवलं तर किंचित ओलसर लागतं. मी घाबरून मिस्त्रींना फोन केला. "सर, ओलं ऱ्हाणं येगळं, गळणं येगळं," ते म्हणाले. वरच्या अभियंत्यांचंही हेच मत पडलं. धरणसुद्धा थोडं पाझरतंच, तो पाझर मोजून वहीत लिहायचा असतो, असं त्यांनी सांगितलं आणि अर्थातच आम्ही राधानगरीला पोचलो. चेअरमन अजूनही सकाळी वाकतात. जुना डाग त्यांनी साबणाने, सोड्याने, एकदा तर रॉकेलने घासून पाहिला. ब्लॉकने प्यालेलं तेल ब्लॉक परत देत नाही. नवा थेंब मात्र सापडत नाही. परवा बराच वेळ शोधून झाल्यावर ते सरळ झाले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "सर, गाडीत तेल आहे ना?"

तुमच्याकडे पद्मिनी असेल आणि ती गळत असेल तर चेंबरला हात लावण्याआधी ब्रीदरची नळी आणि टॅपेट कव्हर बघून घ्या. तरीही चेंबर उतरवायची पाळी आलीच, तर पॅकिंग शोधत दुकानं पालथी घालू नका. पुठ्ठ्याचा फर्मा मिस्त्रींनी जपून ठेवला आहे, उद्यमनगरात लिंबाच्या झाडाला इतर पॅकिंगांच्या बरोबर टांगलेला आहे, आणि तो ते कुणालाही फुकट वापरू देतात. शीट आपली आपण न्यायची. रबर-कॉर्कची, तीन मिलिमीटर जाडीची. जाड असली की जास्त चांगली, असं दुकानदार सांगेल. घेऊ नका.